सीडी ‘कधी’ अडते आणि ‘कुठे’ अडते : जुन्या प्लेअरवरचा एक धडा



पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, “रिसर्च मेथडॉलॉजी पाठ केली, पण प्रत्यक्षात ती वापरायची कशी?” आज त्याचं उत्तर प्रयोगशाळेतलं न देता घरातलं देते.

दिवाळीला किनवटला गेले होते. काकांनी १९९६ साली हैदराबादहून आणलेला एक जड जपानी सीडी प्लेअर आमच्या माळवदाच्या खोलीत आहे. त्या काळी तो भारीतला होता. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवरून उतरवून केलेली ४० मिनिटांची एक सीडी आहे. आजी आता नाही. बाबांनी सीडी लावली, आणि २२व्या मिनिटाला तीच अर्धी ओळ पुन्हा पुन्हा वाजायला लागली.

मी लगेच निदान ठोकलं : “लेझर म्हातारा झालाय.” कारणही तयार होतं. घरी लिहिलेली सीडी कारखान्यात छापलेल्या सीडीपेक्षा कमी प्रकाश परत पाठवते, म्हणून थकलेला लेझर आधी तिच्यावरच अडखळतो. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन लेझरची ताकद वाढवणारा छोटा स्क्रू शोधायला लागले. काका म्हणाले, “काय करायलीस गं? आधी दुसरी सीडी तर लावून बघ!”

काकांनी दोन शब्दांत जे सांगितलं त्याला आपण ‘कंट्रोल’ म्हणतो. एका नमुन्यावरून मी निष्कर्ष काढला होता. शिवाय तो स्क्रू फिरवला असता तर मूळ जागा परत सापडली नसती, आणि करंट जास्त झाला तर लेझर कायमचा जातो. जे परत फिरवता येत नाही ते सगळ्यात शेवटी करायचं.

त्याही आधी एक काम होतं. आजीच्या सीडीची एकच प्रत होती आणि मी तिच्यावर प्रयोग करत बसले होते! शेजारच्या पोराच्या कॉम्प्युटरवर तिची नक्कल काढली. पूर्ण ४० मिनिटं न अडता उतरली. नमुना वाचला, आणि सीडी चांगली आहे हेही कळलं. म्हणजे दोष प्लेअरमध्ये.

आता प्लेअरचं काम समजून घेऊ. १९८२ साली सोनी आणि फिलिप्सने आणलेल्या या पद्धतीत माहिती एका लांबलचक नागमोडी नव्हे, तर सर्पिल वाटेवर असते. ती आतून सुरू होऊन बाहेर जाते. वाटेच्या दोन वळणांमधलं अंतर फक्त १.६ मायक्रॉन. ७८० नॅनोमीटरचा लेझर ती वाचतो. सीडी थोडी वरखाली डोलते, बाजूलाही सरकते, म्हणून लेन्स तारांच्या वेटोळ्यांवर तरंगत ठेवलेली असते. एक सर्व्हो फोकस सांभाळतो, दुसरा वाट सांभाळतो, तिसरा मोटरचा वेग. वाटेचा वेग कायम ठेवायचा असल्याने सीडी आत मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि कडेला २००.

लेन्स बाजूला थोडीच झुकू शकते. ती जास्त झुकली की खालची गाडी, म्हणजे रेलवरचा स्लेड, तिला हळूच पुढे नेतो. किती हळू? ७४ मिनिटांत साधारण ३३ मिलिमीटर. मिनिटाला अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही!

यावरून कुठलं लक्षण काय सांगतं ते बघा :

• एकच सीडी, एकाच जागी अडते : सीडीवर ओरखडा किंवा डाग.
• कुठलीही सीडी, कुठेही अडते : लेन्सवर धूळ, थकलेला लेझर किंवा वीजपुरवठ्यातले सुकलेले कपॅसिटर.
• सुरुवातीलाच अडते, पुढे बरी चालते : तिथे वेग जास्त लागतो, म्हणून आधी मोटर तपासा.
• तापल्यावरच अडते : सुटलेलं सोल्डरिंग किंवा तापणारा एखादा भाग.
• सगळ्या सीडी एका ठरावीक जागी अडतात : स्लेड, रेल, दाते.

मी छापलेल्या दोन सीडी लावल्या. ६२ मिनिटांची सीडी साडेएकोणिसाव्या मिनिटाला अडली, ७० मिनिटांची २२व्या मिनिटाला. आता काय म्हणाल? जागा वेगळी, म्हणजे स्लेड निर्दोष? मीही तेच लिहून ठेवलं होतं.

रात्री लक्षात आलं, की मी मिनिटं मोजतेय, पण गाडीला मिनिटं कळत नाहीत. तिला फक्त जागा कळते. सगळ्या सीडींचा वेग सारखा नसतो. नियमानुसार तो सेकंदाला १.२ ते १.४ मीटरमध्ये कुठेही चालतो. मग वेळेचं रूपांतर त्रिज्येत करायला हवं.

ते सोपं आहे. वळणांमधलं अंतर सारखं, म्हणून वाजलेल्या वेळेच्या प्रमाणात क्षेत्रफळ व्यापलं जातं. गाणं २५ मिलिमीटर त्रिज्येपासून सुरू होतं. ते संपतं तिथली कडा सीडीवर डोळ्यांनी दिसते. पट्टीने मोजलं : छापलेल्या दोन्ही सीडींवर ५६.५ मिलिमीटर, आजीच्या सीडीवर ४६.

पहिली सीडी : ५६.५चा वर्ग ३१९२, त्यातून २५चा वर्ग ६२५ वजा केला की २५६७. त्याला १९.५ने गुणून ६२ने भागलं तर ८०७. त्यात ६२५ मिळवून वर्गमूळ काढलं : ३७.८ मिलिमीटर.
दुसरी सीडी, याच रीतीने : ३७.८.
आजीची सीडी : ३८.०.

तीन सीडी, दोन वेगळ्या वेळा, पण जागा एकच! विखुरलेला वाटणारा डेटा चुकीच्या अक्षावर मांडलेला होता, इतकंच.

आता भाकीत करता आलं : गाडी सुरुवातीपासून १३ मिलिमीटर पुढे गेली की तिथे काहीतरी असणार. लेन्स आदल्या दिवशीच आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओल्या बोळ्याने हलक्या हाताने पुसली होती आणि काही फरक पडला नव्हता, म्हणून ते कारण बाद होतं. प्लग काढून वरचं झाकण उघडलं. (हा लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून चालू प्लेअरच्या लेन्समध्ये कधीही डोकावू नका.) गाडी हाताने हळू सरकवली. बरोबर त्या जागी दात्यांमध्ये वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस, आणि त्यात गुंतलेला कापसाचा तंतू. वेचणी झाली की आमच्याकडे कापूस याच खोलीत पडतो!

गाडी तिथे अडायची, लेन्स झुकत झुकत टोकाला जायची, वाट सुटायची आणि मागे उडी पडायची. जुनं ग्रीस पुसलं, प्लास्टिकला चालणारं नवीन ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं लावलं. तिन्ही सीडी शेवटपर्यंत वाजल्या.

तुमच्या प्लेअरमध्ये हेच निघेल असं नाही. फिलिप्सच्या जुन्या यंत्रणेत झोपाळ्यासारखा फिरणारा हात असतो, तिथे अशी गाडीच नसते. पण क्रम तोच ठेवा : आधी नमुना जपा, मग कंट्रोल, एका वेळी एकच बदल, प्रत्येक निरीक्षण वहीत, आणि न फिरवता येणारा स्क्रू सगळ्यात शेवटी. डेटा विखुरलेला दिसला तर गृहीतक फेकून देण्याआधी विचारा : मी मोजतेय ते यंत्राला कळतं का?

तो स्क्रू मी फिरवलाच नाही. बाबांनी त्या संध्याकाळी ओव्या दोनदा ऐकल्या.