दोन हंगामांची एक सरासरी

धारवाडच्या काळ्या रानात कापसाचे प्रयोग ही काही आजची गोष्ट नव्हे. १८४० नंतरच्या दशकात अमेरिकन कापूस या बाजूस रुजविण्याचा उद्योग झाला. १९४७ साली येथे कृषिमहाविद्यालय निघाले. आणि १९७२ साली 'वरलक्ष्मी' हे दोन भिन्न जातींच्या संकरातून सिद्ध झालेले वाण येथूनच शेतकऱ्यांच्या हाती गेले. अशा प्रत्येक वाणामागे प्रयोगांची एक मालिका उभी असते. एका वर्षीच्या पिकावर विसंबून कोणी शहाणा माणूस बियाण्याची शिफारस करीत नाही. प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि मग प्रश्न उभा राहतो, की या निरनिराळ्या प्रयोगांच्या सरासऱ्या एकत्र करावयाच्या कशा?

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या वर्षी एक वाण चार वाफ्यांत लावले. एकरी सरासरी ६ क्विंटल कापूस निघाला आणि प्रमाण विचलन आले १. दुसऱ्या वर्षी तेच वाण आठ वाफ्यांत लावले. सरासरी ९, प्रमाण विचलन २. प्रमाण विचलन म्हणजे निरनिराळ्या वाफ्यांचे उत्पन्न सरासरीच्या आगेमागे किती विखुरलेले आहे याचे माप. आता घाईचा मनुष्य सहा आणि नऊ यांचे मध्य काढून साडेसात म्हणेल आणि एक व दोन यांचे मध्य काढून दीड म्हणेल. यांतील दुसरे उत्तर सर्वथा चुकीचे आहे. पहिले मात्र वाटते तितके चुकीचे नाही, हे पुढे दिसेल.

बाराही वाफे एका राशीचे समजले, तर पहिल्या वर्षीचे एकंदर २४ आणि दुसऱ्या वर्षीचे ७२ मिळून ९६. त्यास बाराने भागता सरासरी ८ येते. विचलनाचा हिशेब थोडा लांबचा आहे. विचलने बेरजेस चालत नाहीत. त्यांचे वर्ग चालतात. चार वाफ्यांच्या विचलनाचा वर्ग एकने कमी संख्येने, म्हणजे तिनाने गुणला की ३. आठ वाफ्यांचा साताने गुणला की २८. दोहोंची बेरीज ३१. परंतु एवढ्याने भागत नाही. पहिल्या वर्षाची सरासरी एकत्रित सरासरीहून २ ने खाली आहे, दुसऱ्या वर्षाची १ ने वर. त्या अंतरांचे वर्ग वाफ्यांच्या संख्येने गुणले तर १६ आणि ८, मिळून २४. हे २४ पूर्वीच्या ३१ मध्ये मिळविले की ५५. बारातून एक वजा करून अकराने भागले की ५. आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २.२४. दीड कोठे आणि सव्वादोन कोठे! घाईच्या हिशेबात दोन वर्षांमधील फरकच गळून पडला होता, आणि कोरडवाहू शेतकऱ्यास जीवघेणा ठरतो तो नेमका तोच फरक.

केवळ एका हंगामातील वाफ्यावाफ्यांमधला फरक हवा असेल, तर ३१ ला दहाने भागावे, म्हणजे ३.१, आणि त्याचे मूळ १.७६. हे माप जमिनीच्या उंचसखलपणाचे आणि हाताच्या चुकीचे; पावसाचा लहरीपणा त्यात नाही. ही दोन मापे निराळी ठेवणे, हेच या शास्त्रातले खरे कसब.

आता सरासरीकडे वळू. ज्या वर्षीची मोजणी कमी विखुरलेली, तिला अधिक मान द्यावा, असे एक मत आहे. त्याप्रमाणे पहिल्या वर्षास ४ आणि दुसऱ्यास २ असे वजन पडते व सरासरी ७ निघते. म्हणजे त्याच आकड्यांतून सात, साडेसात आणि आठ अशी तीन उत्तरे आली! श्रोत्यांनी यास गणिताची लबाडी समजू नये. प्रश्नच तीन आहेत. दोन्ही वर्षे एकाच सत्याची मोजमापे असतील, तर सात. बारा वाफ्यांत काय पिकले एवढेच विचारले, तर आठ. परंतु शेतकरी विचारतो ते निराळेच: "या बियाण्याने मला वर्षाकाठी काय मिळेल?" त्याच्या लेखी एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, प्रयोगकर्त्याने त्या वर्षी चार वाफे लावले की आठ, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्याला साडेसात सांगणेच प्रामाणिकपणाचे. मात्र हा आकडा दोनच हंगामांवर उभा आहे, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. येट्स आणि कॉक्रन या इंग्लंडातील शास्त्रज्ञांनी १९३८ साली प्रयोगांच्या समूहाविषयी जो निबंध लिहिला, त्यात या पेचाचा ऊहापोह आहे. आपल्याकडे डॉ. पानसे आणि साताऱ्याकडचे डॉ. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने ही विद्या शेतीच्या कार्यकर्त्यांपर्यंत नेली.

स्थळांचेही असेच. धारवाड जिल्ह्यात पश्चिमेस कलघटगीकडे पाऊस बरा, भाताची शेती. पूर्वेस नवलगुंदाकडे कोरडी काळी जमीन. या दोन टोकांची सरासरी काढता येईल, पण त्या सरासरीएवढा पाऊस पडणारे शेत कोणाचे?

आणखी एक कटकट सांगून टाकतो. पुष्कळ अहवालांत सरासरीपुढे अधिक-उणे चिन्ह घालून एक आकडा छापलेला असतो. तो प्रमाण विचलनाचा की सरासरीच्या प्रमाण त्रुटीचा, हे लिहिलेले नसते. आमच्या पहिल्या वर्षाचे विचलन १, पण त्रुटी मात्र चाराच्या वर्गमूळाने भागून अर्धाच. त्रुटीस विचलन समजून कोणी पुढील हिशेब मांडला, तर सारे अंदाज निम्म्याने खोटे पडतात. वाफ्यांची संख्या शेजारी असली, तर एकावरून दुसरे काढता येते. ती नसली, तर तो अहवाल इतर अहवालांच्या पंक्तीस बसविण्याचा मार्गच राहत नाही, मग प्रयोग कितीही कष्टाने केलेला असो.