'जस्ट नाऊ' म्हणजे नेमके केव्हा?

आपल्या विद्यार्थ्यांच्या इंग्रजी बोलण्यात 'जस्ट नाऊ' हे शब्द जितके वावरतात तितके दुसरे क्रियाविशेषण क्वचितच वावरत असेल. 'सर जस्ट नाऊ गेले', 'मी जस्ट नाऊ येतो', 'जस्ट नाऊ वेळ नाही'. अर्थ विचारला तर सर्वांचे उत्तर एकच : 'आत्ता'. उत्तर चूक नाही. अडचण आहे ती आपल्या 'आत्ता'मध्ये.

'आता' आणि 'आत्ता' यांत एका 'त'चे अंतर. 'आता' हा सैल शब्द आहे. 'आता परीक्षा संपली की गावी जाऊ' यातला 'आता' महिनाभर लांबू शकतो. 'त'वर जोर दिला की तो या क्षणाला येऊन चिकटतो. पण क्षणाच्या अलीकडे की पलीकडे, हे 'आत्ता' सांगत नाही. 'आत्ता आला', 'आत्ता जेवतो आहे', 'आत्ता जातो' : तिन्ही काळ त्याला सारखेच. काळ सांगण्याचे काम क्रियापदाकडे. तेही आपण धडपणे करू देत नाही. वसई रोड स्थानकाच्या पुलावर मित्र तिष्ठत असतो आणि आपण घरातून सांगतो, 'निघालोच!' क्रियापद भूतकाळी, पाय अजून चपलेत गेलेला नाही. हिंदी त्या मानाने शिस्तीची. 'अभी-अभी' म्हटले की गोष्ट बहुधा घडून गेलेली असते.

प्रमाण ब्रिटिश इंग्रजीत 'जस्ट नाऊ'ला दोनच घरे आहेत. एक, नुकतेच घडून गेलेले : 'ही लेफ्ट जस्ट नाऊ'. येथे साधा भूतकाळ हवा. आपले विद्यार्थी 'ही हॅज लेफ्ट जस्ट नाऊ' लिहितात आणि गुण घालवतात. 'हॅज' घ्यायचे असेल तर 'ही हॅज जस्ट लेफ्ट' म्हणावे, 'नाऊ' सोडून द्यावा. दुसरे घर वर्तमानाचे : 'शी इज बिझी जस्ट नाऊ'. स्कॉटलंडात हे घर बरेच ऐसपैस आहे. ग्लासगोचा मनुष्य 'मी जस्ट नाऊ अमुक ठिकाणी नोकरी करतो' म्हणेल तेव्हा तो आपला 'सध्या' असतो.

तिसरे घर, भविष्याचे, आपण भारतीयांनी बांधले. 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हणजे लगेच करतो. इथे हे सर्वांना कळते, म्हणून त्याला चूक म्हणण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. मात्र असे घर दक्षिण आफ्रिकेतही आहे, आणि ते नेमके उलट्या तोंडाचे! तिथे 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हणजे थोड्या वेळाने, सवडीने करीन. कदाचित तासाभराने, कदाचित राहूनही जाईल. त्याहून लवकर व्हायचे असेल तर ते 'नाऊ नाऊ' म्हणतात. तिथल्या आफ्रिकान्स भाषेत 'नेटनाऊ' असा शब्द आहे. 'नेट' म्हणजे 'जस्ट', 'नाऊ' म्हणजे 'नाऊ'च. आणि तो 'मघाशी' व 'थोड्या वेळाने' या दोन्ही अर्थी चालतो. इंग्रजीला हे वळण त्याच शेजाराने लागले असे मानले जाते.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हे. वसई-विरारची मुले जहाजांवर, आखातात नोकरीला जातात. तिथे वरिष्ठ दक्षिण आफ्रिकेचा असला आणि 'आय ॲम कमिंग जस्ट नाऊ' म्हणाला, तर आपला मुलगा दारातच उभा राहील. उलट याने 'व्हॉल्व्ह जस्ट नाऊ बंद करतो' म्हटले तर ऐकणारा समजेल, याला घाई दिसत नाही. एक 'लगेच' सांगतो, दुसरा 'नंतर' ऐकतो, आणि दोघांचेही इंग्रजी आपापल्या गावी शुद्ध असते. अशा जागी 'ॲट वन्स' किंवा 'राइट अवे' म्हणावे. आपल्या 'आत्ताच्या आत्ता'चा जोर त्यांत पुरेपूर उतरतो, आणि त्यांचा अर्थ या देशांत बदलत नाही.

नकारात मात्र 'जस्ट नाऊ' मोठा सभ्य आहे. कोणी चहा विचारला आणि नको असला, तर 'नॉट जस्ट नाऊ, थँक यू' म्हणावे. आपल्या 'आत्ता नको'सारखेच; पुढच्या वेळी विचारायला वाव राहतो.