ड्रायव्हरची दारू, मालकाचा तोटा

आपण दारूला शिवत नाही, तेव्हा हा विषय आपला नव्हे, असे सोलापूरच्या चादर-टॉवेलच्या व्यापारी बंधूंनी समजू नये. टेम्पो आपला असला तरी चालवतो पगारी ड्रायव्हर. तो प्यायलेला असताना अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारू शकते. तशी अट पॉलिसीतच असते. रक्ततपासणी झाली नाही, एवढ्यावर मालक सुटत नाही. दिल्लीतील २००७ च्या एका अपघातात तपासणी नव्हती; तरीही इतर पुराव्यांवरून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली मालकाविरुद्ध निकाल दिला. जखमी वाटसरूला दिलेली भरपाईही कंपनी कोर्टाच्या हुकुमाने मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून ड्रायव्हर ठेवताना लायसन्सबरोबर त्याच्या सवयीचीही चौकशी करावी.