नऊ डबे भरून बायका

रेल्वेच्या जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात बर्थ 72. असे नऊ डबे जोडा, प्रत्येक बर्थवर एक बाई बसवा. झाल्या 648. आणखी दोघी दारात उभ्या करा, 650! अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत एवढ्या जणी तपासल्या. शेकडा 92 जणींना स्त्रीरोग निघाला. मग नऊ डब्यांत निरोगी किती? अवघ्या 52. एक डबासुद्धा भरत नाही!

आणि एकेकीला एकच आजार असता तरी बरं. सरासरी 3.6! आठ बर्थच्या एका कप्प्यात डोकावलं तर 29 आजार. अख्ख्या गाडीत 2340! त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या किती? शेकडा 8, म्हणजे पुन्हा 52च. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, पाळीचा त्रास, सगळं अंगावर काढायचं. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन, एवढंच धरून बसलेल्या जगापुढे 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून हे आकडे आले. मला तर आजही ते वाचताना धडकी भरते.

आता आपल्या जालना जिल्ह्याकडे वळू. गडचिरोलीची टक्केवारी इथे चिकटवायची नाही. आपण फक्त वेळ मोजू. 2011च्या जनगणनेत जिल्ह्यात सुमारे साडेनऊ लाख स्त्रिया. लहान मुली आणि म्हाताऱ्या सोडून ढोबळ पाच लाख धरा. अर्ध्या मीटरवर एक अशी रांग लावली तर 250 किलोमीटर! मुंबईहून निघालेली रांग पुण्याला पोचेल, मागे वळेल, घाट उतरून खोपोलीच्याही पुढे जाईल. या रांगेसमोर एकच डॉक्टरीण बसवा. प्रत्येकीला 15 मिनिटं. सव्वा लाख तास! रोज आठ तास, ना रविवार, ना दिवाळी, तरी 15,625 दिवस. जवळपास 43 वर्षं! सत्ताविशीत बसलेली डॉक्टर सत्तरीला उठेल, आणि तेव्हा कुठे प्रत्येकीची तपासणी एकदा झालेली असेल. आयुष्यात फक्त एकदा!

एकट्या डॉक्टरला हे झेपणारं नाही. म्हणूनच बंगबाईंनी गडचिरोलीत खेड्यातल्या सुइणींना शिकवून हाताशी घेतलं, ते फार मोलाचं. जालन्यात सरकारी स्त्री रुग्णालय आहे. कापसाची वेचणी सुरू होण्याआधी घरातल्या बाईला तिथे एकदा घेऊन जा.