पोटातले जिवाणू, ताटातली ज्वारी आणि आतड्याचा कॅन्सर

हळदीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, द्राक्षबियांचा अर्क. औषधांच्या दुकानात आता या कॅप्सूल सहज मिळतात, आणि ‘कॅन्सर होणार नाही’ हे वेष्टनावर न छापलेलं आश्वासन घेणारा मनातच वाचून घेतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबाबत असे समज जरा जास्तच पसरलेत.

गैरसमज : वनस्पतींतले घटक रक्तात जाऊन कॅन्सरच्या पेशी मारतात.

डाळिंब, कांदा, चहा यांतली पॉलिफेनॉल लहान आतड्यात फारच थोडी शोषली जातात. उरलेली बहुतेक मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांचे तुकडे पाडतात. डाळिंबातल्या एलॅजिटॅनिनपासून युरोलिथिन बनतं ते असंच. प्रयोगशाळेत त्याने कॅन्सरपेशींची वाढ मंदावलेली दिसली आहे, पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. शिवाय हे काम करणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. दोघांनी एकच रस प्यायला तरी एकाच्या लघवीत युरोलिथिन सापडतं, दुसऱ्याच्या नाही. म्हणूनच ‘रोज अमुक फळ खा’ हा सरसकट सल्ला मला पटत नाही.

गैरसमज : चोथा फक्त पोट साफ होण्यापुरता.

ग्रामीण आफ्रिकेत हा कॅन्सर विरळा आहे आणि त्याचा संबंध चोथायुक्त आहाराशी असावा, असं युगांडात काम केलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये मांडलं. त्यांचा भर मल लवकर बाहेर पडण्यावर होता. जिवाणूंचा भाग नंतर उलगडला. ते चोथा आंबवून ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतेक ऊर्जा त्यातूनच घेतात.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खेड्यांतले २० जण यांच्या आहाराची दोन आठवडे अदलाबदल केली गेली. अमेरिकनांचा चोथा रोजच्या १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर गेला, आफ्रिकनांचा ६६ वरून १२ वर आला. अमेरिकनांमध्ये ब्युटिरेटची निर्मिती अडीचपट झाली, आफ्रिकनांमध्ये निम्म्यावर आली. अस्तराचा दाह आणि पेशींची वाढ हेही त्याच दिशेने बदललं. अवघ्या चौदा दिवसांत!

मात्र हुरळून जायला नको. आतड्यातले पॉलिप, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या अस्तरावरच्या गाठी, काढलेल्या दोन हजारांवर अमेरिकनांवरच्या चार वर्षांच्या चाचणीत, जास्त चोथा खाणाऱ्यांनाही पॉलिप तितकेच पुन्हा झाल्याचं २००० मध्ये दिसलं. दीर्घकाळच्या मोठ्या पाहण्यांत चोथा खाणाऱ्यांचा धोका कमी आढळतो, हे खरं. पण कमी म्हणजे शून्य नाही.

आपल्याकडे हा चोथा स्वस्त आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम, बाजरी-नाचणीत ११ च्या आसपास. पॉलिशच्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमही नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना रोज किमान २५ ग्रॅम सांगते. दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, एखादी पालेभाजी एवढ्यात बराच पल्ला गाठला जातो.

गैरसमज : अर्क जितका तीव्र, तितका गुण जास्त.

फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. हा निकाल १९९४ चा. गोळ्यांचा खप काही थांबला नाही.

गैरसमज : आम्ही शाकाहारी, आम्हाला होणार नाही.

प्रक्रिया केलेल्या मांसाने धोका वाढतो हे सिद्ध आहे. पण पाव, खारी आणि साबुदाण्यावर जगणारा शाकाहारीही चोथ्याविनाच असतो. त्यात तंबाखू, दारू, लठ्ठपणा, वय आणि आनुवंशिकता आहेतच.

या सगळ्यात घातक समज मात्र वेगळाच आहे : शौचातून रक्त पडलं की मूळव्याध. लाजेपोटी घरगुती उपाय करत महिने काढू नका. रक्त दिसलं, शौचाच्या सवयी बदलल्या किंवा घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना विचारून कोलोनोस्कोपी करून घ्या. त्यात पॉलिप आढळला तर बहुधा तिथल्या तिथे काढता येतो.