फॉस्फेटचा थर म्हणजे गाडलेला कार्बन नव्हे

प्राचीन हवामानाची चर्चा फॉस्फेटच्या खडकापाशी आली की एक समीकरण हमखास ऐकायला मिळतं: थर जितका जाड, तितका कार्बन समुद्रतळाशी गाडला गेला आणि तितकी पृथ्वी थंड झाली. समीकरण सुटसुटीत आहे, पण त्याची पहिलीच पायरी चुकते.

समुद्रातले सूक्ष्म प्लवक वाढताना फॉस्फरसच्या एका अणूमागे सरासरी कार्बनचे १०६ अणू घेतात. मेले की ते तळाच्या गाळात उतरतात. तिथे जिवाणू त्यांचं विघटन करतात. कार्बनचा बराचसा भाग विरघळून पाण्यात परततो. सुटा झालेला फॉस्फेट मात्र गाळातल्या पाण्यात साठतो आणि कॅल्शियम व फ्लोराइडशी जुळून त्यापासून अ‍ॅपेटाइट या खनिजाचे कण होतात. म्हणजे फॉस्फेटचा कण दिसला, तर तिथला पुष्कळ कार्बन गाडला न जाता कुजून गेला, असं समजायचं!

शिवाय खडकात अडकलेला फॉस्फेट प्लवकांच्या उपयोगाचा राहत नाही. गाळातून निसटून तो पुन्हा वर पोचला, तरच नवे प्लवक वाढतात आणि नवा कार्बन तळाकडे जातो. तळाशी प्राणवायू नसला की फॉस्फेटला धरून ठेवणारी लोहाची संयुगं विरघळतात आणि ही सुटका सोपी होते. व्हॅन कॅपेलेन आणि इंगॉल या संशोधकांनी १९९४ मध्ये हे गणिती प्रारूपातून मांडलं. अशा वेळी कार्बन गाळात राहतो, फॉस्फरस निघून जातो. समीकरणवाले नेमकं उलटं धरून बसतात.

त्यांचं आवडतं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे थरांचं. १९८५ मध्ये व्हिन्सेंट आणि बर्गर यांनी सुचवलं, की पॅसिफिकच्या काठाने गाडल्या गेलेल्या कार्बनमुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला आणि सुमारे १.४ कोटी वर्षांपूर्वी अंटार्क्टिकाचा बर्फ वाढला. त्या काळच्या सूक्ष्म समुद्री कवचांतला जड कार्बनचा चढ, म्हणजे कार्बन गाडला गेल्याची मानली जाणारी खूण, खरा आहे. पण सांता बार्बाराजवळच्या नेपल्स बीचच्या कड्यातल्या याच थरांत काळपट गाळाच्या पातळ पापुद्र्यांमध्ये फिकट फॉस्फेटच्या चकत्या दिसतात, त्या फार सावकाश साचलेल्या आहेत. प्रवाहांनी हलका गाळ पुन्हा पुन्हा धुवून नेला, जड फॉस्फेट मागे उरला. फोल्मी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हा हिशेब मांडला: थर कार्बनने समृद्ध दिसतो, पण वर्षाकाठी साठलेला कार्बन थोडाच. गाळ किती आहे यापेक्षा तो किती वेळात साचला, हे आधी विचारायला हवं, आणि नेमकं तेच समीकरणवाले विचारत नाहीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘हा खडक म्हणजे पक्ष्यांची विष्ठा’: नाउरूसारख्या बेटांपुरतं ठीक, मोरोक्कोतल्या खुरीब्गाचा साठा समुद्री गाळातला आहे, आणि उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचा, सूक्ष्मजीवांच्या थरांत तयार झालेला खडक दीडशे कोटी वर्षांहून जुना आहे, तेव्हा पक्षी होतेच कुठे? ‘फॉस्फेट थंडीतच बनतो’: मोरोक्कोचे साठे सुमारे ७ ते ४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उबदार पृथ्वीवर साचले. ‘आता तो बनत नाही’: पेरू आणि नामिबियाच्या किनाऱ्यांजवळ तो आजही बनतो. नामिबियाच्या गाळात नुसत्या डोळ्यांना दिसणारा थायोमार्गरिटा हा जिवाणू आहे. तो फॉस्फेट साठवतो आणि प्राणवायू संपला की भोवतीच्या पाण्यात सोडतो; अ‍ॅपेटाइट तिथेच तयार होतं.