सेमाडोहची कढई

परतवाड्याहून धारणीकडे निघालेला रस्ता घटांगच्या पुढे मेळघाटाच्या जंगलात शिरतो आणि वळणं घेत सिपना नदीकाठच्या सेमाडोहला येतो. अमरावतीहून धारणी, बऱ्हाणपूर, इंदूरकडे जाणारी बरीच वाहतूक याच वाटेने होते. एसटी थांबते, ट्रक थांबतात, वाघ पाहायला आलेल्यांच्या जीपा थांबतात. वाघ दिसणं नशिबाचा भाग आहे, रबडी मात्र हमखास मिळते. अमरावती-अकोल्याकडचा माणूस मेळघाटात जाऊन आला की घरचे आधी विचारतात, "सेमाडोहची रबडी खाल्ली का?"

या रबडीवर आणि ती विकणाऱ्या साध्यासुध्या हॉटेलांवर सविस्तर लिहायला हवं, असं मला फार दिवसांपासून वाटतं. शहरातल्या एसी हॉटेलांची कौतुकं सगळीकडे छापून येतात. रस्त्याकडेच्या टिनाच्या छपराखाली, चार बाकांवर लोकांना पोटभर आणि परवडेल असं खाऊ घालणाऱ्यांच्या वाट्याला फार तर एखादं वाक्य येतं. इथे तर त्या छपराखाली एक अख्खी कला तग धरून आहे.

आधी तिखटाचं सांगतो, कारण जाणकार गिऱ्हाईक सुरुवात तिखटानेच करतं. सकाळी पोहे, त्यावर तर्री, चिरलेला कांदा. मग आलुबोंडा, समोसा, भजे आणि सोबत मीठ लावलेली तळलेली हिरवी मिरची. हा वऱ्हाडातल्या कुठल्याही एसटी स्टँडवरचा ऐवज आहे आणि सेमाडोहला तो काही जगावेगळा होत नाही. अमरावतीच्या गिल्या वड्याची किंवा शेगावच्या कचोरीची सर इथल्या समोशाला नाही, हे सरळ सांगितलेलं बरं. भजे मात्र घाण्यातून निघतानाच गाठावेत. पावसाळ्यात, अंगावर भुरभुर पडत असताना, कांद्याचे गरम भजे आणि कपभर चहा एवढ्यावरही इथला थांबा सार्थकी लागतो. चहा घट्ट दुधाचा असतो. म्हशीचं दूध, त्यात पाणी हात राखून घातलेलं. शहरात असा चहा 'स्पेशल' म्हणून वेगळ्या दराने मिळतो.

जेवायचं असेल तर आल्याबरोबर सांगून ठेवावं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण किंवा पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा. जंगलात फिरून येईपर्यंत ताट तयार होतं. जेवणाला घाई केली की भाकर कच्ची राहते, आणि तो दोष करणाऱ्या बाईचा नसतो.

आता कढई. लोखंडी, पसरट, उथळ. उथळ असण्याला कारण आहे. दुधाचा जेवढा जास्त भाग हवेला लागेल तेवढी वाफ लवकर निघते आणि साय भरपूर धरते. खाली भट्टीचा जाळ मंद असतो. दूध एकदा उकळलं की ते पुन्हा खळखळू द्यायचं नाही, नुसतं थरथरत ठेवायचं. वर पातळ साय आली की कारागीर सराट्याने ती अलगद कडेला ओढतो आणि कढईच्या भिंतीला चिकटवून देतो. पुन्हा साय येते, पुन्हा ती कडेला जाते. तास-दीड तासात कढईच्या आतल्या कडेवर सायीचे थरावर थर बसतात आणि मध्ये दूध आटून फिकट बदामी होत जातं. मूळ दुधाचा तिसरा-चौथा हिस्सा उरला की साखर पडते, आधी नाही. साखर लवकर पडली तर साय नीट धरत नाही आणि तळ लागण्याची भीती असते. शेवटी कडेची साय खरवडून आटलेल्या दुधात सोडतात. ती विरघळत नाही, तिचे लच्छे राहतात. रबडीची परीक्षा याच लच्छ्यांत आहे. चमच्यात दाताला लागेल अशी साय आली तर ती रबडी, नुसता गोड घट्ट रस आला तर ते आटीव दूध.

खव्याची रीत याच्या नेमकी उलट. रबडीत दुधाला शांत ठेवायचं असतं, खव्यात क्षणभरही सोडायचं नाही. जाळ मोठा, आणि सराटा तळापासून अखंड फिरत राहिला पाहिजे. दूध दाटत जातं, मग लापशीसारखं होतं, मग कडा सोडून मध्ये गोळा व्हायला लागतं. शेवटची काही मिनिटं सगळ्यांत अवघड, कारण तिथे जरा हात थांबला की खवा करपतो आणि सबंध घाण्याला वास लागतो. म्हणून त्या वेळी कारागिराशी कोणी बोलत नाही, पैसे मागायलाही थांबतात. मिठाईवाले खव्याच्या तीन जाती मानतात. घट्ट गोळ्याचा पिंडी खवा पेढ्या-बर्फीला, जरा ओलसर धाप खवा गुलाबजामला आणि दाणेदार खवा कलाकंदाला. डोंगरातून खाली जातो तो बहुतेक घट्टच, कारण पाणी जितकं कमी तितका तो जास्त टिकतो.

हे सगळं जंगलाच्या पोटातल्या एवढ्याशा गावात का म्हणून? उत्तर गवळ्यांत आणि रस्त्यात आहे. मेळघाटात कोरकूंची वस्ती मोठी आहे, पण त्यांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या गवळी समाज राहतो. गवळ्यांचा संसार म्हशी-गाईंवर चालतो. या भागाशी गवळ्यांचं नातं फार जुनं. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड मुळात गवळ्यांचा मातीचा कोट होता, असं परंपरा सांगते. बहामनी सुलतान अहमदशहाने 1425 च्या सुमारास तिथे पक्का किल्ला बांधला आणि 15 डिसेंबर 1803 ला तो इंग्रजांनी जिंकला. राज्यं बदलली, पण डोंगरात दूध काढणारी माणसं डोंगरातच राहिली.

म्हैसही इथली. नागपुरी म्हणून ओळखली जाणारी ही जात. अचलपूरच्या जुन्या नावावरून तिला एलिचपुरीही म्हणतात. लांब, मागे खांद्याकडे वळलेली, तलवारीच्या पात्यासारखी शिंगं. मुऱ्हा म्हशीइतकं दूध ती देत नाही, पण वऱ्हाडाचं ऊन सोसते, रानातल्या चाऱ्यावर भागवते आणि तिच्या दुधात फॅट सात टक्क्यांच्या वर जातं. रबडीला यापेक्षा चांगलं दूध मिळणं कठीण.

पण दूध होतं म्हणून कोणी श्रीमंत झालं नाही. डोंगरातलं दूध विकायचं कोणाला? जवळची मोठी पेठ परतवाडा, आणि मध्ये घाट. बर्फ नाही, शीतकरण केंद्र नाही, उन्हाळ्यात दूध दुपारपर्यंत टिकत नाही. अशा ठिकाणी दुधातलं पाणी जिथल्या तिथे उडवून टाकणं हाच शहाणपणा होता. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. पाच लिटर नासकं ओझं वाहण्याऐवजी एक किलो टिकाऊ माल पोत्यात बांधून एसटीच्या टपावर टाकता येतो. मेळघाटचा खवा वऱ्हाडातल्या मिठाईवाल्यांकडे पोचला तो असा. रबडी मात्र टिकत नाही, ती जागेवरच खपावी लागते. म्हणून खवा बाहेर गेला आणि रबडी रस्त्यावर थांबून राहिली. व्याघ्र प्रकल्प झाल्यावर, म्हणजे 1974 नंतर, सेमाडोहला वनविभागाचं पर्यटक संकुल उभं राहिलं आणि तिला बाहेरचं गिऱ्हाईक मिळालं.

किमतीबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. 'रस्त्यावरच्या मानाने महाग' अशी कुरकुर कढईपुढे उभं राहून करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी साधा हिशेब मांडावा. किलोभर खव्याला पाच लिटर दूध लागतं. म्हणजे दुधाच्या दराची पाचपट ही खव्याची नुसती कच्च्या मालाची किंमत झाली. सरपण, तासभराची मेहनत आणि वाहतूक अजून धरलीच नाही. त्याहून स्वस्त खवा कोणी देत असेल तर त्यात दुधाखेरीज काहीतरी आहे. रबडीचंही तेच. प्लेटभर रबडीत निदान तिप्पट दूध आटलेलं असतं. एवढं धरूनही सेमाडोहची प्लेट अमरावतीच्या चांगल्या दुकानापेक्षा हलकी पडते, कारण मध्ये दलाल नाही, दुकानाचं भाडं नाही आणि फ्रिजचं बिल नाही.

खरा खवा ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. चिमूटभर घेऊन तळहातावर अंगठ्याने चोळायचा. तूप सुटलं पाहिजे आणि तुपाचाच वास आला पाहिजे. चिकट पिठूळ लागला तर खाली ठेवावा. घरी आणल्यावर शंका आलीच तर थोडा खवा पाण्यात उकळून, गार करून, त्यावर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा रंग आला म्हणजे मैदा किंवा स्टार्च.

भेसळीचं मूळही समजून घेतलं पाहिजे. म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत वितात, त्यामुळे दुधाचा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबरपासून होळीच्या आसपासपर्यंत. लग्नांचा मोठा हंगाम मात्र एप्रिल-मेमध्ये, नेमका म्हशी आटलेल्या असताना. मागणी चढलेली आणि दूध उतरलेलं, या फटीतून पिठाचा खवा बाजारात शिरतो. डोंगरातल्या गवळ्याला याचा काही फायदा होत नाही. उलट नकली खव्याच्या बातम्या आल्या की त्याच्याही मालाकडे संशयाने पाहिलं जातं.

सेमाडोहची रबडी आजूबाजूच्या गोडापुढे कुठे बसते, हेही सांगायला हवं. चिखलदऱ्यालाही रबडी मिळते आणि चांगली मिळते, पण सुटीच्या दिवशी गर्दीपायी कढई घाईने उतरवली जाते. साय धरायला वेळच मिळत नाही. याच रस्त्याने धारणीपुढे बऱ्हाणपूरला गेलात तर तिथली खव्याची जिलबी खावी. काळसर, जाड, पाकात मुरलेली. दोन खाल्ल्या की पुरे. कारागिरी म्हणून ती मोठी आहे, पण तिच्यात पाक बोलतो. हिवाळ्यात बहिरमच्या यात्रेला जाणारे (ती 20 डिसेंबरला सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते) रोडगे, वांग्याची भाजी आणि हंडीतलं मटण यांसाठी जातात, गोडासाठी नाही. गोड खायचं आणि त्यात दुधाची चव शोधायची, तर माझ्या मते या सगळ्या पट्ट्यात सेमाडोहच्या पुढे कोणी नाही. वेलची, केशर, पिस्ता यांची इथे गरज भासत नाही. कोणी घालत असेल तर नको म्हणावं.

एका गोष्टीवर मात्र मी कौतुक करणाऱ्यांच्या बाजूचा नाही. रबडीला धुराचा वास आला की 'अस्सल' म्हणून माना डोलावणारे पर्यटक असतात. एक किलो खव्यासाठी जवळपास चार लिटर पाणी वाफ होऊन जावं लागतं, आणि ती वाफ काढायला लाकूड जळतं. हे लाकूड सागाच्या, धावड्याच्या, वाघाच्या जंगलातलं असतं. धुरात बसून डोळे चोळणारा माणूसही आपल्या हौसेसाठी बसलेला नसतो. गॅसच्या शेगडीवर मंद आच अधिक सारखी राहते, साय तितकीच धरते. भट्टी बदलली म्हणून चव जाईल ही भीती खोटी आहे. चव दुधात आणि कारागिराच्या धीरात असते. गॅसचा खर्च त्या हॉटेलवाल्याच्या डोक्यावर न पडता बदल कसा होईल, एवढाच प्रश्न आहे.

त्याहून अवघड प्रश्न चराईचा. रान राखायचं तर गुरं कमी हवीत, आणि गुरं कमी झाली तर गवळी जगणार कशावर? गाभा क्षेत्रातली बोरी, कोहा, कुंड, वैराट अशी गावं गेल्या काही दशकांत बाहेर हलवली गेली. जंगलाला त्याचा फायदा झाला, वाघालाही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण खाली सपाटीवर गेलेल्या पशुपालकाला रान मिळत नाही. विकतची सरकी-ढेप घालून म्हैस सांभाळणं वेगळं आणि रानचाऱ्यावर सांभाळणं वेगळं. जी गावं अजून वर आहेत त्यांच्यासाठी गोठ्यात चारा, थोड्या पण चांगल्या म्हशी आणि दुधाला जागेवर भाव देणारी कढई, हीच वाट मला दिसते. मेळघाटचं नाव बाहेर निघतं ते कुपोषणाच्या बातमीत. त्याच मेळघाटात सात टक्के फॅटचं दूध निघतं आणि आटून खाली जातं. त्या दुधाचा थोडा भाग इथल्या अंगणवाडीतल्या पोरांच्या वाटीत रोज पडावा, अशी व्यवस्था करणं आभाळाला हात लावण्याइतकं कठीण नाही.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. सकाळचं दूध आटून पहिली कढई उतरते तेव्हा पोचावं. "भाऊ, आत्ताची आहे का कालची?" असं सरळ विचारावं, इथे त्याचा कोणाला राग येत नाही आणि उत्तर बहुधा खरं मिळतं. "कालची फ्रिजातली नाई देत भाऊ, थांबा जरासे, होतेच आता," असं ऐकू आलं तर थांबावं. रबडी तिथेच खावी, घरी नेऊ नये. खवा घ्यायचा तर पूर्ण गार झालेला घ्यावा. गरम खवा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की वाफ आतच धरते आणि परतवाडा येईपर्यंत त्याला आंबूस वास लागतो. सुती कपड्यात किंवा कोऱ्या कागदात गुंडाळून, गाडीत उन्हाच्या बाजूला न ठेवता आणला तर हिवाळ्यात दोन-तीन दिवस चांगला राहतो. खव्याच्या पोळ्या करायच्या असतील तर दुसऱ्याच दिवशी कराव्यात.